शिकवण्याची खाज

नांदेडहून लातूरकडं निघालं की शहर मागं पडता पडता विष्णुपुरी लागते. शिक्षणाच्या दृष्टीनं इतकी मोक्याची जागा मराठवाड्यात दुसरी नसेल. १९८१ साली सुरू झालेलं श्री गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज इथं, १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ इथं, डॉ. शंकरराव चव्हाणांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेजही इथंच. इथल्या पोरानं घराबाहेर पाऊल टाकलं की ते कुठल्या ना कुठल्या प्रवेश प्रक्रियेतच पडायचं. आणि पुढं रस्ता जातो तो थेट लातूरला, जिथल्या एका आख्ख्या वस्तीला लोक ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेवढा पत्ता पुरतो. समजा, अशा ठिकाणी एखाद्या नवरा-बायकोनं ठरवलं, की आपली दोन लेकरं शाळेत घालायचीच नाहीत, घरीच शिकवायची. पुण्या-मुंबईत होमस्कूलिंग म्हटलं की लोक ‘कोणत्या पद्धतीनं?’ असं विचारतात. इकडं पहिला प्रश्न ‘फीचं काही जमंना का?’ आणि दुसरा, जरा आवाज खाली घेऊन, ‘डॉक्टरला दाखवलं का लेकराला?’

घरशाळेवर आपल्याकडं जो वाद होतो तो चुकीच्या माणसाबद्दल होतो, असं माझं म्हणणं आहे. सगळी चर्चा लेकराभोवती फिरते. ते शिकेल का, मागं पडेल का, एकलकोंडं होईल का, पुढं त्याचं कसं होईल. खरं तर लहान मूल शिकतंच. त्याला शिकण्यापासून अडवणं फार अवघड काम आहे. एवढी मोठी शिक्षणव्यवस्था असूनही ते आपल्याला पूर्णपणे साधलेलं नाही. कसोटी लागते ती घरातल्या मोठ्यांची. मूल चोवीस तास डोळ्यांसमोर असताना आई-बापाला, आजी-आजोबांना, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांना न शिकवता गप्प बसता येतं का, हा खरा प्रश्न आहे. शाळेत शिकवण्याची खाज असलेला माणूस पगारी असतो. त्याच्यावर मुख्याध्यापक असतो, समोर तीस-चाळीस लेकरं असतात, आणि ठरलेल्या वेळी घंटा होऊन त्याला वर्गातून बाहेर काढलं जातं. घरात घंटा नाही. तिथं तास सुरू होतो आणि रात्री दिवे मालवले तरी ‘चंद्र कशामुळं चमकतो सांग’ म्हणत अंधारात चालू राहतो.

अशा घरातला पहिला महिना वेळापत्रकाचा. हे काम बहुतेक घरांत बाप अंगावर घेतो, कारण ते एकदाच करायचं असतं. रात्री जागून तो रंगीत तक्ता बनवतो, प्रिंट काढतो, लॅमिनेट करून आणतो. सहा ते साडेसहा योग, आठ ते नऊ भाषा, नऊ ते दहा गणित. ‘मुक्त खेळ’ यालाही दहा ते साडेदहा अशी वेळ नेमून दिलेली. लेकरांना शाळेच्या चाकोरीतून सोडवायचं म्हणून केलेला हा तक्ता जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेपेक्षा कडक निघतो. दुसऱ्या आठवड्यात धाकट्याला ताप येतो, सिलिंडर संपतो, गावाकडून कुणीतरी दवाखान्यासाठी येऊन चार दिवस राहतं (मेडिकल कॉलेज हाकेच्या अंतरावर असल्यानं विष्णुपुरीच्या घरांना पाहुण्यांचा हा जादा कोटा मंजूरच आहे), आणि तक्ता फ्रिजवर तसाच राहतो. लॅमिनेट केल्यामुळं खराब होत नाही, एवढंच. घरशाळेच्या बाजूनं सांगितला जाणारा एक जुना मुद्दा झोपेचा होता. शाळेची लेकरं पहाटे उठून रिक्षात पेंगतात, आमची पोटभर झोपतात. २०२४ साली राज्य सरकारनंच चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका असा आदेश काढला आणि हा मुद्दा पळवला. म्हणजे आता नियमानं झोपायचं असेल तर लेकराला शाळेत घालावं लागेल.

तक्ता बारगळला म्हणून खाज जात नाही. ती घरभर पसरते. इथून पुढचा टप्पा ‘जगण्यातूनच शिक्षण’ या तत्त्वाचा. तत्त्व उत्तम आहे. पण त्याचा अंमल आपल्या घरांत कसा होतो ते बघावं. आई विरजण लावायला घेते आणि पोरगी सहज बघायला येते, की लगेच दुधातले जिवाणू सुरू होतात. भाकरी थापली जात असते तेव्हा परीघ आणि व्यास येतात. तुरीची डाळ निवडताना खड्यांची शेकडेवारी. शेंगा फोडायला बसलेल्या पोराला एका शेंगेत सरासरी किती दाणे निघाले ते विचारलं जातं, आणि ते बिचारं प्रामाणिकपणानं सांगतं, की दाणे खाल्ले, त्यामुळं माहीत नाही. यावर ‘वजाबाकी’ नावाचा नवा तास सुरू होतो. लेकरू हुशार असतं. दोन-तीनदा असं झालं की ते स्वयंपाकघराकडं फिरकणंच बंद करतं. जगातल्या कुठल्याही आईला पोरानं आपण होऊन शेंगा फोडून द्याव्यात असं वाटतं. त्या आईच्या नशिबात ते होतं, आणि तिनं ते सरासरीच्या नादात घालवलं. शाळेतलं पोर गणिताच्या तासाला घाबरतं, घरशाळेतलं पोर भाकरीला घाबरू शकतं. दोन्हींत जास्त नुकसान कशात आहे, याचा विचार व्हावा.

घराबाहेर तर विष्णुपुरी म्हणजे शिकवणाऱ्याला मोकळं रानच. गोदावरीचं पाणी पंपानं वर चढवून कालव्यात सोडणारा इथला उपसा सिंचन प्रकल्प, काठावरचं काळेश्वराचं मंदिर, पावसाळ्यात प्रकल्पाचे दरवाजे उघडले की पाणी बघायला लोटणारं आख्खं नांदेड. लेकराला पाण्यात दगड मारायचा असतो. एवढंच. दगड मारला, डुबुक आवाज आला, वर्तुळं पसरली, दुसरा दगड. पण बाप शेजारी उभा असतो आणि त्याच्या डोक्यात घनमीटर फिरत असतात. नदी कुठून उगम पावते, पैठणला काय आहे, इथून पुढं कुठं जाते, पाणी चढावर कसं जातं, पंपाला वीज का लागते. उत्तरं बरोबर आली तर दुसरा दगड. मार्गशीर्षात याच रस्त्यानं पुढं लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, रुमालाखाली बोटं धरून ठरणारे भाव. पाच-सहा वर्षांच्या मुलाला महिनाभर पुरेल इतकं बघायला तिथं मिळतं. बापाला एक फोन आला आणि तो आवाज ऐकू येत नाही म्हणून बाजूला गेला, तर त्या पंधरा मिनिटांत पोरगं गाढवाचे दात बघून वय कसं ओळखतात हे विक्रेत्याकडून शिकून घेतं. फोन ठेवून बाप परत येतो आणि त्याला सस्तन प्राण्यांबद्दल सांगू लागतो. विक्रेता बिचारा गाढवाला घेऊन थोडा लांब सरकतो.

नात्यातले लोक हे या शाळेचे तपासनीस. शाळेत जाणाऱ्या पोराची चौकशी दोन प्रश्नांत संपते, ‘कितवीला हाय?’ आणि ‘नंबर कितवा आला?’ घरशाळेतल्या पोराची चौकशी संपत नाही, कारण ती सुरू कुठून करायची तेच पाहुण्यांना कळत नाही. ‘कितवीला’ला उत्तर नाही म्हटल्यावर मामा थेट प्रात्यक्षिकाला हात घालतात. ‘सतराचा पाढा म्हण बरं.’ पोरगं म्हणायला लागतं. मामांचा स्वतःचा सतराचा पाढा सत्ता एकोणीसाशेच्या आसपास कुठंतरी अडकलेला असतो, त्यामुळं पोरगं अडलं काय आणि पुढं गेलं काय, त्यांना पत्ता नसतो; ते मान हलवत राहतात. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई ओठांनी पुढचे आकडे पुरवत असते. त्या घटकेला परीक्षा तिचीच चाललेली असते आणि ती पासच झाली पाहिजे. मावशीचं म्हणणं वेगळं असतं. ‘तुम्ही दोघं एवढं शिकलाव, मग लेकरावरच कसला सूड उगवायलाव?’ आजी यातलं काहीच विचारत नाही. तिची तक्रार इतकीच, की पोरं शाळेत गेली असती तर दिवसाचे चार-पाच तास घर जरा निवांत राहिलं असतं. शिक्षणशास्त्रात शाळेची जी उद्दिष्टं सांगितली आहेत त्यांत हे कुठंही नाही, पण माझ्या मते पहिल्या तीनांत ते यायला हवं.

यावर घरशाळावाले म्हणतात, की ही सगळी नवशिक्यांची लक्षणं. आपल्याकडं घरी शिकण्याची मोठी परंपरा आहे. आहे खरी. आणि तीच माझा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. पंडिता रमाबाई, जन्म १८५८, शाळेची पायरी न चढता पुराणांतले हजारो श्लोक मुखोद्गत झालेली बाई. तिला शिकवलं आईनं. पण लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना दिवसा वेळ नव्हता. घरकाम होतं, नवऱ्याच्या विद्यार्थ्यांचं जेवणखाण होतं. म्हणून त्या लेकीला पहाटे अंधारात उठवून, जवळ घेऊन शिकवत. दिवस उजाडला की शिकवणी बंद, कारण चूल पेटवायची असे. इतकं यशस्वी होमस्कूलिंग पुढं फारसं झालं नाही, आणि त्यात शिकवणाऱ्या बाईकडं वेळ कमी होता या गोष्टीचा वाटा मोठा असणार असा माझा कयास आहे. उलट उदाहरण गोपाळराव जोशांचं. बायकोला शिकवायचंच म्हणून त्यांनी काय केलं नाही! बदल्या करून घेतल्या, समाजाशी भांडण घेतलं, आनंदीबाईंना अमेरिकेला धाडलं. १८८६ साली त्यांनी डॉक्टर होऊन दाखवलं. आणि त्याच आनंदीबाईंनी नवऱ्याला पत्रात स्पष्ट लिहिलं, की दहाव्या वर्षी लाकडानं मार खाल्ला, बाराव्या वर्षी अंगावर पुस्तकं आणि खुर्च्या झेलल्या. शाळेतल्या मास्तराच्या छडीला निदान चार साक्षीदार असतात. घरातल्या शिक्षकावर देखरेख ठेवायला फक्त त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धी असते, आणि ज्याला शिकवण्याची खाज सुटली आहे त्याची ती त्या वेळी कामावर नसते.

दुसरा आक्षेप ताजा आहे. लोक म्हणतात, कोरोनात आपण सगळ्यांनी घरशाळा करून बघितली, नाही जमली, विषय संपला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि धाकट्यांचे वर्ग तर पुढं दीड वर्षाच्या वर उघडले नाहीत, हे खरं. पण त्या काळात घरात आली ती शाळा, आणि तीही मोबाइलच्या पडद्याएवढी बारीक होऊन. एक मोबाइल, तीन लेकरं, गच्चीच्या कोपऱ्यातच येणारी रेंज. तरीही त्या दिवसांनी एक गोष्ट शास्त्रीय प्रयोगासारखी सिद्ध केली. बाई ऑनलाइन प्रश्न विचारत, आणि चौकटीबाहेरून कुणीतरी कुजबुजून उत्तर सांगत असे. ती कुजबुज बाईंना, वर्गातल्या सगळ्या लेकरांना आणि त्यांच्या घरच्यांना स्वच्छ ऐकू येई. फक्त कुजबुजणाऱ्याला वाटे की कुणाला कळलं नाही. पहिलीतल्या पोराला बेरीज येते की नाही यानं कुणाचंही काही अडलेलं नव्हतं, गावात माणसं ऑक्सिजनसाठी धावत होती, आणि तरी सात अधिक पाच बारा हे सांगितल्याशिवाय बापाला राहवत नव्हतं. एवढ्या मोठ्या संकटातही ही खाज कमी होत नसेल, तर तिला साधी गोष्ट म्हणता येणार नाही.

आता दाखल्याचा मुद्दा. यावर मात्र विरोधक पक्के आहेत. ‘शिकेल हो, पण टीसीचं काय?’ कायद्याचं बघायला गेलं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. आणि कधीही शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यावा, असंही त्याच कायद्यात आहे. म्हणजे परतीचं दार उघडं. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि या सगळ्याच्या आधीपासून नांदेड-लातूरच्या घराघरांत ठाऊक असलेला सतरा नंबरचा फॉर्म आहे. पण एवढ्यानं समाधान होत नाही, आणि होऊ नये याला कारण आहे. आपल्याकडं शाळेचं निम्मं काम शिकवण्याचं असलं तर निम्मं नोंद ठेवण्याचं आहे. जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव, कशाचाही पुरावा काढायचा झाला की पावलं शाळेच्या कार्यालयाकडं वळतात. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली तेव्हा तपासायच्या कागदपत्रांत शाळांचे जुने प्रवेश-निर्गमही होते. कुणाचे पणजोबा निजामाच्या राज्यात शाळेत काय शिकले हे आज कुणालाच सांगता येणार नाही; पण मास्तरांनी त्यांच्या नावापुढं काय लिहिलं, यावर पणतूचं आयुष्य ठरू शकतं. इतका टिकाऊ परिणाम करणारी दुसरी अध्यापनपद्धत मला माहीत नाही. आणि ही अडचण काही आजची नाही. विठ्ठलपंतांची चार लेकरं शाळेत न जाता एकमेकांकडून शिकली. थोरल्यानं धाकट्याला दिलं, धाकट्यानं अवघ्या मराठीला दिलं. तरी शुद्धिपत्रासाठी त्यांना याच गोदेच्या काठचं पैठण गाठावं लागलं, आणि परंपरा सांगते की तिथं रेड्याच्या तोंडून वेद वदवल्यावरच मंडळी नरमली. सतरा नंबरच्या फॉर्मला एवढं लागत नाही, ही सुधारणाच म्हणायची.

इथवर घरशाळावाले बचावात असतात. मग ते हुकमी पानं काढतात. मुंबईच्या मालविका जोशीला २०१६ साली दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमधली तीन पदकं तिच्या गाठीशी होती. दिल्लीचा सहल कौशिक घरी शिकून २०१० साली वयाच्या चौदाव्या वर्षी आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत तेहतिसावा आला. दोघांचं कौतुकच आहे. पण गंमत बघा, शर्यतीतून लेकराला बाहेर काढलं म्हणणारा माणूस आपली बाजू मांडताना शर्यतीतलाच नंबर सांगतो. लातूर पॅटर्नवाल्याला हे लगेच पटतं. तो खिशातून वही काढतो आणि विचारतो, ‘रोज किती तास घेत होते?’ नांदेडात आणखी एक नाव काढलं जातं, नरहर कुरुंदकरांचं. इंटरला पुन्हा पुन्हा नापास झाले आणि पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. खरं आहे. पण कुरुंदकर नापास होत होते तेव्हा दिसेल ते पुस्तक वाचत होते, आणि प्राध्यापक होण्याआधी त्यांना बी. ए., एम. ए. करावंच लागलं. निम्मं उदाहरण घेऊन चालत नाही. शिवाय अकरावी-बारावीला तर या दोन जिल्ह्यांत भल्याभल्यांच्या घरी वेगळंच चाललेलं असतं; नाव एका कॉलेजात, पोरगं दुसऱ्याच क्लासमध्ये, आणि हजेरी तिसऱ्यानंच लावलेली. २०१८ मध्ये राज्य सरकारनं काही विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचं फर्मान काढलं ते याच करामतीमुळं. ज्या समाजात सोळाव्या वर्षी सगळ्यांच्या संमतीनं कॉलेज बुडवलं जातं, त्यानं सहाव्या वर्षी शाळा बुडवणाऱ्याकडं एवढं डोळे वटारून बघू नये.

‘चारचौघांत मिसळणार कसं?’ या आक्षेपाला घरशाळावाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, की आमची मुलं सगळ्या वयाच्या माणसांत मिसळतात. असतील. पण इथं मी विरोधकांच्या बाजूचा आहे, आणि अर्धवट नाही, पूर्ण. जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकराच्या शेजारी कोण बसणार हे आई-बाप ठरवत नाहीत. ज्या घरी आपण कधी पाणी पिलो नसतो त्या घरचं पोरगं आपल्या पोराच्या डब्यातलं लोणचं खातं आणि आपलं त्याची खिचडी. घरशाळेत येणारे मित्र मात्र ओळखीतले, बहुधा आपल्याच थरातले, फोन करून वेळ ठरवून येतात. कितीही सहली काढा, ही भर घरात होत नाही. दुसरी न होणारी भर सुट्टीची. शाळाच नाही म्हटल्यावर रविवार कसला आणि दिवाळीची सुट्टी कसली? जोरात पाऊस झाला, शाळा सोडून दिली, दप्तर डोक्यावर घेऊन पोरं ओरडत घरी पळाली, या सुखाला घरशाळेतलं लेकरू कायमचं मुकतं. ‘तुला तर रोजच सुट्टी’ असं त्याला सांगितलं जातं, पण ते त्याला पटत नाही, आणि त्याचंच बरोबर आहे. शिकवणारा घरातच राहत असताना सुट्टी लागणार कुठून?

घरी शिकायला आधी घर लागतं, हेही या वादात कुणी म्हणत नाही. कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची लेकरं पाच-सहा महिने शाळेबाहेर असतात. ती फडावर धाकट्या भावंडाला सांभाळतात, भाकरी करतात, जनावरांचं बघतात. ‘जगण्यातूनच शिक्षण’ हे तत्त्व शंभर टक्के पाळायचं तर तेच ते. पण त्याला कुणी होमस्कूलिंग म्हणत नाही. सरकारी कागदावर ती शाळाबाह्य मुलं असतात, आणि त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृहं चालवावी लागतात. विष्णुपुरीतलं जोडपं शाळेला नाही म्हणू शकतं, कारण पुस्तकं, इंटरनेट आणि एक पगार त्यांच्या पाठीशी असतो. दुसरा पगार गेलेला असतो. कुणाचा गेला हे विचारायची गरज नाही. घरशाळेवर बोलायला बाप उठतो, चालवते आई. तो संध्याकाळी सहाला येतो आणि ‘आज काय शिकलात?’ विचारून प्राचार्यपद भूषवतो. प्राचार्यांना रजा आहे, वर्गशिक्षिकेला नाही.

म्हणजे घरशाळा करूच नये का? तसं म्हणायचं नाही. लक्ष्मीबाई डोंगऱ्यांच्या घरातून मला दिसतं ते असं, की मोठी माणसं आपापल्या कामात गढलेली असली आणि मूल आसपास घोटाळत असलं, तर त्याला बरंच काही आपोआप येतं, आणि न आलेलं ते येऊन विचारतं. पण अडचण अशी, की ज्यांना स्वतःचं असं काम आहे त्यांना घरशाळा चालवायला फुरसत नसते, आणि ज्यांना फुरसत असते त्यांना खाज असते. ही गाठ मला सुटलेली नाही. तूर्त एक व्यवहार्य तोड सुचते. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात, हे वर्तमानपत्रात अधूनमधून येतच असतं. विष्णुपुरीतल्या त्या बापानं आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या एखाद्या शाळेत जाऊन फुकट शिकवावं. परीघ, व्यास, घनमीटर, सस्तन प्राणी, काय हवं ते. तिथं वर्गात चाळीस पोरं असतील, म्हणजे एकेकाच्या वाट्याला चाळिसावाच हिस्सा येईल, आणि तेवढं कुठलंही लेकरू सहज सोसतं.